मेथीच्या कंपनीतली माझी खुर्ची

मखमलाबाद, नाशिक
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय कुसा,

थोरल्या जावेचा आशीर्वाद. इकडे सगळी बरी आहेत. तुझा गुडघा कसा आहे?

आज आपल्या कंपनीची मीटिंग होती. सगळ्यांत आधी आले यादव साहेब, नाशिक रोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. वेळ दहाची, हे नऊलाच दारात. मी मेथी निवडत बसलेली. म्हणाले, "आजी, डायरेक्टर कुठं भेटतील?" म्हटलं, "एकीशी बोलताय की. बसा, जुडी सोडा." बसले गं. निवडली पण, देठासकट.

मागून इंदिरानगरच्या प्रतिभा मॅडम आल्या. मेथी वाळवायची कंपनी काढली तेव्हा डायरेक्टर कोण, तर तू, मी, ललित आणि आपली सून मीना. चहा उकळेपर्यंत ठराव पास. आता चाळीस बाया कामाला आहेत, माल पार हैदराबादला जातो. ललित म्हणाला, "आई, आता नुसती घरची डोकी पुरायची नाहीत. बाहेरची जाणती माणसं घेऊ."

मॅडमनी मीटिंगचं जुनं पुस्तक वाचलं. एका पानाशी थांबल्या. "दुसऱ्या मशिनला तिघं हो म्हणाले. नको म्हणणाऱ्या ह्या कुसाबाई कोण?"

ललित खाली बघायला लागला. मीना चहाला उठली. मीच सांगितलं, "माझी धाकटी जाऊ. पावसाळ्यात मेथी कुजते, मशिन बसून राहील म्हणाली होती."

"मग?"

"मग काय, त्यात आमची कोंबडी अंडी घालते."

यादव साहेब हसले. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, "नको म्हणायला आम्हाला बाहेरून बोलावलंत. ते माणूस तर तुमच्या घरातच होतं."

कुसा, त्या दिवशी मी मशिनकडं नाही, मुलाकडं बघून हात वर केला. वर मीच तुला म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं." तू डायरेक्टरकी सोडून घोटीला लेकीकडं गेलीस. चार वर्षं मी लोकांना सांगते, गुडघ्यासाठी गेली.

आज मी खुर्ची सोडली. कुणी मागितली नव्हती. नाव लिहिताना हात कापायचा माझा, तू पाटीवर गिरवून घेतलंस म्हणून डायरेक्टर झाले, बँकेत ताठ मानेनं गेले. ते सुख तुझं आहे. सोडायच्या कागदावर सही केली तीही सरळ आली.

ती जागा तुझ्यासाठी ठेवायला लावली आहे. ललित न्यायला येतो म्हणतोय, माफीही तोच मागेल म्हणतोय. मी म्हटलं, आधी माझी पाळी. नको म्हणायचं असेल तर तेही इथं येऊन म्हण, सगळ्यांसमोर.

मंडळी पुढच्या रविवारी, सोळा तारखेला दहाला येतो म्हणाली आहेत. म्हणजे यादव साहेब नऊला.

तुझी, तू शिकवलेल्या सहीनं,
गोजराबाई