बाण खाली वळला की

३ जून
दंडावर बटण चिकटवून घेतलं! शर्टाचं नव्हे — साखर मोजणारं. कन्यारत्नाने परगावाहून धाडलं. रक्तातली साखर सतत मोबाइलवर दिसते — माझ्याही, तिच्याही. आकड्याशेजारी एक बाण. डॉक्टरीणबाई समजावत होत्या, "आजी, साखर किती आहे यापेक्षा ती कुठे आणि किती वेगाने चाललीय ते बघायचं." अहो बाई, हाच तो डेरिव्हेटिव्ह! जन्मभर कॉलेजात कॅल्क्युलस शिकवलं मी. पण बोलले नाही. म्हातारीला काही येतं म्हटलं की लोकांचा हिरमोड होतो.

५ जून
एकशेदहा. बाण आडवा. फोन नाही.

८ जून
दुपारी नव्वद, बाण खाली — आणि लगेच फोन! "आई, नव्वद दिसतंय, पण या वेगाने अर्ध्या तासात साठवर येशील. साखर खा आधी!"
अगदी बरोबर. आणि हे कोण बोलतंय? बारावीत गणिताची वही भिरकावून "याचा जगात कोणाला काही उपयोग आहे का?" असं विचारणारी! मग तिने गणित सोडलं, घर सोडलं, हळूहळू फोनही. वाढदिवसाला केकचं चित्र तेवढं येतं. आज मात्र भरपूर बोलली. ओरडत का होईना.

११ जून
आकडा ठणठणीत असला की आई मेली की जगली, पत्ता नाही. बाण झुकला की "आई!" म्हणजे लेकीची माया माझ्या साखरेवर नाही, साखरेच्या घसरण्यावर आहे. उंटावरून शेळ्या हाकते नुसती!

१४ जून
इन्सुलिन टोचलं आणि ताट झाकून ठेवलं. सहज! विज्ञानाची सेवा. बाण झुकला, फोन आला. "जेवलीस का?" — "बसतेच आहे गं." जावयाच्या बढतीपासून गळक्या नळापर्यंत सगळं ऐकलं. मग जेवले. काय गोड लागलं जेवण!

१५, १६, १८ जून
तोच प्रयोग. तेच फळ.

२० जून
डॉक्टरीणबाईंनी पंधरवड्याची सरासरी पाहिली. "उत्तम, आजी! अभिनंदन!" टेकड्या खड्ड्यांत लोटल्या की रस्ता सपाटच दिसणार. खड्डे बघायला वेळ कोणाला आहे?

२१ जून
आज बाण झुकला आणि फोन आला नाही. मीही हट्टाने बसून राहिले. पंचावन्न. घाम फुटला. डबा सांडला — जमिनीवरची साखर ओंजळीने खाल्ली. ती मीटिंगमध्ये होती म्हणे.
फार घाबरले. मरणाला नाही. ते तिला मोबाइलवर दिसलं असतं, याला.

२२ जून
"आई, तुझे सगळे आलेख काढून बसलेय. तुझी साखर तळाला कधी जाते माहितेय? मी फोन ठेवते तेव्हा! मी बोलतेय तोवर उतरत असतेस, मग चढायला लागतेस. तळाशी उतार शून्य — तूच शिकवलंयस ना?"
गाढवापुढे वाचलेली गीता गाढवाने पाठ केली होती तर!
मग हळूच म्हणाली, "माझ्यासाठी उपाशी राहतेस तू?"
मी रडले.

२४ जून
वेळेवर जेवले. एकशेवीस. बाण आडवा.
फोन वाजला. "काय झालं गं?" मी दचकून विचारलं.
"काही नाही," ती म्हणाली. "काहीच झालं नाही, आई. बोल."