पाचशेवी नोंद

२१ सप्टेंबर
वनस्पतींच्या गुणसूत्रांचा आमचा ऑनलाइन कोश जवळजवळ पूर्ण. ४९९ रकाने हिरवे. मी संस्कृतचा माणूस. पासवर्ड लक्षात राहतो एवढ्या गुणावर वनस्पतिशास्त्रवाल्यांनी कोश माझ्या गळ्यात घातला. एकच रकाना लाल: पिंगळी स्टेशनामागच्या माळावरची रानवेल, मुगाची चुलतबहीण. ताटवा एकच, दुसरीकडं कुठं सापडलेली नाही.
संकल्प: उद्या सकाळी आठला मुळं आणणे. आठलाच, कारण मुळाच्या टोकाच्या पेशी तेव्हा दुभंगत असतात, म्हणून त्यांतली गुणसूत्रं मोजता येतात.

२२ सप्टेंबर, सव्वादहा
उठायला उशीर. पेशी थांबल्या नसाव्यात.

२६ सप्टेंबर
कोशासाठी मोजणी करणाऱ्यांपैकी एक, संशोधक निकिता, तिचा पूर्ण्याहून फोन. सर, त्या माळावर काम निघायलंय म्हणे, मुळं तुम्ही आणायलाव का मीच जाऊ? मी असताना तू कशाला, म्हटलं.

२९ सप्टेंबर, साडेनऊ
गेलो. शेळ्या चारणारे मल्हारीमामा भेटले. म्हणाले, सायेब, लाल फडक्याच्या खुंट्या ठोकून गेलेत, काल पल्याडच्या बाभळी गेल्या, तुमचा येल कवा न्यायलाव? मुहूर्त आठचा असतो, असं समजावलं. मग आठला उठा की, म्हणाले. शास्त्र सगळ्यांना कळत नाही.
मुळं बुडवून आणायची औषधाची बाटलीही घरीच राहिली होती.

१ ऑक्टोबर
उद्या दसरा. दसऱ्याला कोश पूर्ण, असं प्राचार्यांना मीच कळवून बसलोय. विचार केला: मुगाची गुणसूत्रं बावीस, उडदाची बावीस. हिची वेगळी कशाला असतील? न्यायशास्त्र शिकताना आम्ही दोन वर्षं डोंगरावरच्या धुरावरून अग्नी सिद्ध केला. डोंगर कुणीच चढलं नाही.
बावीस भरले. ‘मोजणी झाली’वर टिक. रकाना हिरवा. तात्पुरता.

४ ऑक्टोबर
निकिताचा मेसेज: सर, लय भारी! उद्या पिंगळीलाच निघाले होते. हिरवा दिसला, आता देवगाव फाट्याकडं जाते. बियाण्याला शेंगा काढून ठेवल्यात ना? अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे काही शपथ नव्हे.

९ ऑक्टोबर
मल्हारीमामांचा फोन. खुंट्या येलाच्या अल्याड आल्या, सायेब. ही कामं वर्षानुवर्षं चालतात. सोमवारी नक्की.

१३ ऑक्टोबर, सकाळी आठ
वेळेवर पोचलो. बाटलीसकट. माळ दिसायच्या आधी धूर दिसला. तोडलेलं सगळं ढीग लावून पेटवलं होतं. माळ तळहातासारखा सपाट. मामा शेळ्या आवरत उभे. म्हणाले, आज बराबर टायमावर आलाव.

त्याच दिवशी, दुपारी
निकिताचा फोन. प्रबंधात हीच वेल मुख्य आहे म्हणे. सर, तुम्ही मोजून घेतलं म्हणून मी गेले नाही. बावीसच ना नक्की? मी आठला हजर होतो, म्हटलं. हे खरं आहे.
मग लिहिते बावीस, म्हणाली.
रकाना पुन्हा लाल करून पाहिला. लाल म्हणजे मोजायचं बाकी. मोजायला बाकी काही नाही.
हिरवाच ठेवला.