आबा, तुमचा दोर

प्रिय आबा,

तुम्ही गेल्यापासून मनात शंभर पत्रे लिहिली. कागदावर हे पहिलेच. सकाळी महादूकाका आले होते. उद्या बाजारात हमालांची बैठक आहे. ‘भरल्या टेम्पोवर माणूस बसणार नाही, माल दोराने बांधावा’ असा अर्ज मी लिहावा आणि व्यापाऱ्यांसमोर मीच वाचावा, असे त्यांचे म्हणणे. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मी, कशी वाचू?

हळदीची पोती टेम्पोत रचली की ती घसरू नयेत म्हणून मागच्या फळीवर बसून पोत्यांना पाठ लावायची, ही सांगलीच्या हमालांची ऐट. तुम्ही मात्र घरून स्वतःचा दोर नेत होता. महादूकाका चिडवत, “गणपा, दोराला जेवाय बी घालतोस काय?”

“व्हय, तुझ्या आदी. पाठ माणसाची हाय गड्या, दोराचं काम तिला लावू नगंस.”

इतके नेमके वाक्य मला एकाही पुस्तकात सापडलेले नाही, आबा.

तुम्ही गेलात त्या सकाळी तो दोर अंगणात होता. आदल्या दिवशी मीच त्यावर धुतलेल्या वाकळा वाळत घातल्या होत्या. वाकळा ओल्याच पाहून तुम्ही आईला म्हणालात, “ऱ्हाऊ दे, एका दिसानं काय हुतंय?” मी पुस्तकात डोके घालून ऐकत होते. उठून दोर का सोडला नाही?

शेवटच्या खेपेला फळीवर बसण्याची पाळी महादूकाकांची होती. “तुझा पाय अधू हाय, तू मागनं चालत ये,” म्हणत तुम्ही त्यांना उतरवलेत. मग स्वतः तरी का बसलात? स्टेशनजवळच्या चढावर टेम्पोला हिसका बसला. आधी तुम्ही पडलात, मग पोती.

आता व्यापारी नव्या हमालांना सांगतात, “गणपानं शेवटपतूर पाठ दिली, त्याला म्हणायचं हमाल!” तुम्ही जन्मभर जे नको म्हणालात, त्याचेच कौतुक तुमच्या नावाने चालले आहे. हे मला सोसवत नाही.

म्हणून उद्या मी वाचणार आहे. दोर बरोबर नेईन, मेजावर ठेवीन आणि अर्जाचे पहिले वाक्य वाचीन: ‘माझे वडील रोज माल दोराने बांधत, त्या दिवशी तो दोर मी घेतला होता.’

तुमची,
शकू