बुटांवरचं कुंकू

मंगळवार, दिवेलागणीनंतर

करार संपलेल्या डिफेंडरना पुन्हा घ्यायचं का, ते आज फुटबॉल क्लबच्या कमिटीत ठरलं. गोव्याच्या पोराला घेतलं, आमच्या सतीशला नाही. नको म्हणून हात वर करणाऱ्यांत हेही होते. बाप असून!

मी म्हटलं, "गोव्याचा परका चालतो, घरचा नको व्हय?"

"गुडघा गेलाय त्याचा. पोरगा म्हणून ठिवू?"

बरोबरही असेल. पण हात वर करवला कसा?

खंडेनवमीला त्याच्या बुटांना मीच कुंकू लावलं होतं. देवी, माझंच काही चुकलं का?

सतीशला सगळं कळलंच होतं. म्हणाला, "आई, आप्पांवर रागवू नको. मीबी हात वर केला असता. बूट भंगारात घाल."

बिनकामाची वस्तू मी घरात ठेवत नाही. बूट देव्हाऱ्यापुढं ठेवलेत. कुंकू अजून तसंच आहे.