राहुरीचं दुसरं घड्याळ

३ मार्च
राहुरीच्या मोबाईल टॉवरला नगरच्या लाइनवरून घड्याळ, म्हणजे टॉवरांची वेळ जुळवणारा सिग्नल, मिळतं, राहुरीकडून पुढे कोल्हारला. नगरची लाइन तुटली तर राहुरीला दुसरं घड्याळ हवं. नियमाने छतावर उपग्रहावरून वेळ घेणारा जीपीएसचा अँटेना लावायचा. ऊन फार. सेटिंगमध्ये दुसऱ्या नंबरला कोल्हार टाकून दिलं. बसल्या जागी काम.
मेहताब, माझा ज्युनिअर इंजिनिअर, म्हणाला, सर, कोल्हार आपल्याकडेच बघून चालतं. आपण त्याच्याकडे बघितलं तर दोघांचीही वेळ भरकटणार, कॉल तुटणार. त्याला सांगितलं, बॅकअप म्हणजे बॅकअप. हल्लीची पोरं शंका फार काढतात.

७ मार्च, दुपार
मेहताबचं टुमणं: नगरची लाइन काढून एकदा टेस्ट घेऊ. घेऊच. पण दहावीचे पेपर चालू आहेत, लोकांना त्रास नको. सोमवारी नक्की.

११ मार्च
सोमवार गेला. पुण्याच्या साहेबांनी फोनवर विचारलं, टेस्ट झाली का. झाली म्हणालो. विचार पक्का असला की निम्मी झालेलीच असते. मेहताब उठून बाहेर गेला. आता मान ठेवायला लागलाय.

१८ मार्च
रस्त्याच्या कामात जेसीबीने नगरची केबल तोडली. कॉल श्रीरामपूरच्या वाटेने वळले, राहुरीने आपोआप कोल्हारचं घड्याळ धरलं. स्क्रीन हिरवीगार. डिझाइन माझं. ऑफिसात पेढे वाटले. मेहताबने घेतला नाही.

१९ मार्च
केबल अजून तुटलेलीच. कोल्हारहून तक्रारी, अगदी टॉवरखाली उभं राहूनही बोलता बोलता फोन कट होतो. मेहताब म्हणाला, आत्ता अँटेना लावू. उद्या बघू म्हणालो. लोकांना मोबाईल बंद करून चालू करायला सांगितलं. बऱ्याच जणांचा परत फोन आला नाही. म्हणजे सुटलं.

२० मार्च
कोल्हारचा टॉवर सहादेव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात आहे. त्याची बायको मुक्ताबाई पहाटे गेली. छातीत दुखत होतं. सहादेव ॲम्ब्युलन्सला फोन लावत राहिला. पत्ता सांगता सांगता कट, परत लावला, परत कट. शेवटी टेम्पोत घातलं. वाटेतच संपली.
मेहताबने एवढं सांगितलं आणि मला न विचारता अँटेना घेऊन छतावर गेला.
हार्ट अटॅक ही मेडिकल बाब आहे. आपल्या खात्यात येत नाही.

२२ मार्च
सहादेवला भेटून आलो. मेहताब सोबत होता. सहादेव म्हणाला, साहेब, मी घरातूनच फोन लावीत बसलो. टावरखाली जाऊन लावला असता तर लागला असता का हो?
मेहताब माझ्याकडे बघत होता.
लागला असता बहुतेक, मी म्हणालो.
सहादेव बराच वेळ मान हलवत राहिला. मग म्हणाला, व्हय, माझंच चुकलं.
दुःखात माणसाला काहीतरी उत्तर लागतं. ते दिलं.
निघताना मेहताब गाडीत बसला नाही. एसटीने येतो म्हणाला.