साहेबाचा हिरवा सॉस

अप्पा,

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, म्हणून मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. गेल्या रविवारी नातवाच्या मद्रासमधल्या शोळिंगनल्लूरच्या फ्लॅटवर गेले होते. त्यानं गच्चीत निखारे करून मटण भाजायला घेतलं होतं आणि सोबतीला बाटलीतला हिरवा सॉस आणला होता. "आजी, याला खरी चवच नाही," तो कुरकुरत होता. मी मटण खात नाही, पण मी त्याला चाकू मागितला, शेजारणीच्या कुंडीतली पानं मागवली आणि तासाभरात सॉस करून दिला. त्याचे मित्र बोटं चाटत होते. कुणाकडून शिकलात, असं एकानं विचारलं. "आईकडून," मी म्हटलं, आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे.

तुमचा तो साहेब तरुणपणी दक्षिण अमेरिकेत रेल्वेच्या नोकरीत होता. तिकडे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसावर एक हिरवा, आंबट, झणझणीत सॉस घालतात आणि त्याच्याविना साहेबाचा घास उतरत नाही, हे तुम्ही आम्हाला एखाद्या संताची महती सांगावी तसं सांगितलं होतं. मद्रासला त्याच्या बटलरला तो जमेना. मग कंपनीच्या हेडक्लार्कनं, म्हणजे तुम्ही, न विचारता सांगून टाकलं की आमच्या घरी करून बघतो. दर शनिवारी संध्याकाळी साहेबाच्या बंगल्याच्या बागेत मटण भाजलं जाई आणि तिथे बाटली घेऊन तुम्ही जाणार होता. ट्रिप्लिकेनच्या आपल्या घरात लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे. माझ्या मैत्रिणीच्या डब्यातल्या लोणच्यात लसूण होता म्हणून तुम्ही मला परत आंघोळ करायला लावली होती. तेच तुम्ही एका शुक्रवारी रुमालात लसणाची गड्डी बांधून आणलीत आणि आईला म्हणालात, "विहिरीपाशी बसून कर. साहेबाचं काम आहे."

आई तंजावरची. तिनं जन्मात अंडंसुद्धा फोडलं नव्हतं. "मांसावर घालायचं, आणि मीं चव कशी बघूं?" तिनं विचारलं. तुम्ही म्हणालात, "तुला चव बघायला कोण सांगतंय? सांगितलेलं कर." तरी ती बघायचीच, उकडलेल्या बटाट्यावर घालून. पहिल्यांदा तिनं कोथिंबीर अम्मीवर, म्हणजे पाट्यावर, वाटली आणि सॉसची चटणी झाली. साहेब हसला. मग ती विळीवर बारीक चिरू लागली, पाला आधी पंच्यावर पसरून कोरडा करून, कारण ओला पाला चिरला की काळा पडतो. मीठ कोमट पाण्यात विरघळवायचं, ठेचलेला लसूण आणि मिरची व्हिनिगरात भिजवायची, ऑलिव्ह तेल शेवटी. हे तेल औषधाच्या दुकानात छोट्या डब्यांत मिळे, लहान मुलांना चोळायला. सगळं एक दिवस बरणीत मुरू द्यायचं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही फक्त येऊन काय चुकलं ते सांगायचात. "तिकडचा एक रानपाला असतो म्हणे, त्याचा वास नाही. साहेबानं चमचा खाली ठेवला. मला मान वर करता येईना." जणू मान आईनंच खाली घालायला लावली होती. दर शुक्रवारी लसणाचं काम झालं की ती विहिरीवर पुन्हा न्हायची, ओल्या लुगड्यानं स्वयंपाकघरात यायची आणि तुमच्यासाठी पोळ्या लाटायची.

तो वास तिला मला खोकला झाला तेव्हा सापडला. ती कर्पूरवल्लीची पानं चोळून माझ्यासाठी रस काढत होती. आपल्याकडे हे झुडूप घरोघरी असतं, पुण्याकडे पानओवा म्हणतात. तिनं बोटांचा वास घेतला, मग माझ्या नाकाशी धरली. "रानाचा वास येतो कीं नाही?" पुढच्या शनिवारी साहेबानं सॉस चाखला आणि म्हणे डोळे मिटले. तुम्ही हे घरी येऊन सांगितलंत तेव्हा इतके आनंदात होता की आईच्या खांद्यावर हात ठेवलात, आमच्यासमोर. ती लाजली. तिचं ते लाजणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही आणि त्यासाठी मी तुम्हाला जास्त दोष देते. त्यानंतर वर्षभर ती तो सॉस करत राहिली. साहेब विलायतेला परत जाणार, जायच्या आधी तुमचं नाव ऑफिसरच्या जागेसाठी वर पाठवणार, हे घरात दिवा लावताना म्हणावं तसं रोज म्हटलं जात होतं. तुम्ही त्या बागेत काय खात होता ते आईनं कधी विचारलं नाही. शनिवारी घरी आल्यावर तुम्ही फार वेळ चुळा भरायचात, एवढं मात्र मला माहीत आहे.

आणि मग ती शुक्रवारची सकाळ. साहेबाची बायको गाडीतून आपल्या दाराशी उतरली. जायच्या आधी तिला तो सॉस करणाऱ्या माणसाला भेटायचं होतं. तुम्हाला रजा होती, तुम्ही धावत बाहेर गेलात. मी शाळेच्या गणवेशात दारात उभी होते. आई विहिरीकडून आली, जुनेर नेसलेली, हात कोपरापर्यंत हिरवे, अंगाला लसणाचा वास. बाई हसली आणि तुम्हाला विचारलं, "ही तुमची कुक?"

तुम्ही म्हणालात, "येस, मॅडम."

एवढंच बोलून थांबला असतात तर मी आज म्हटलं असतं की गडबडीत तोंडातून गेलं. पण तुम्ही पुढे म्हणालात, "फार जुनी आहे. फार इमानी." माझ्याकडे बोट करून, "ही माझी मुलगी." बाईनं आईच्या हातात बिस्किटांचा डबा दिला आणि माझ्या गालाला हात लावून इंग्रजीत म्हणाली, हिच्याशी नीट वागत जा हं. गाडी गेली. तुम्ही तिला पोचवायला कोपऱ्यापर्यंत मागे मागे चालत गेलात.

आईनं मला विचारलं, "कुक म्हणालें तें मज कळलं. मग काय म्हणाली?"

"तुझ्याशी नीट वागायला सांगितलं."

"तुला कशाला सांगितलं?" ती म्हणाली आणि हात धुवायला गेली. तुम्ही परत आलात तेव्हा तुमच्याकडे कारण तयार होतं. "अग, त्या अवतारात तुला बायको म्हणून कशी सांगू? त्यांच्या बायका कशा असतात तुला माहीत आहे का?" चिरलेला पाला आईनं विहिरीशेजारच्या आळ्यात टाकला. तुम्ही घड्याळ बघितलंत. "उद्या शेवटची पार्टी आहे. सॉस?"

"कुकला लीव्ह पाहिजे, सार," आई म्हणाली.

आधी तुम्ही हसलात. मग ओरडलात. मग शर्टाच्या बाह्या दुमडून विळीवर बसलात. तुम्हाला चिरता येईना म्हणून सगळं अम्मीवर वाटलंत, कर्पूरवल्ली मूठभर घातलीत, तेल ओतलंत. काळपट गोळा झाला, खोकल्याच्या औषधासारखा. आई ओसरीवर बसून मोगरा ओवत होती. तिनं एकदाही वर पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती बाटली घेऊन तुम्ही गेलात आणि परत आल्यावर म्हणालात, "माझं वाटोळं केलंस." तुमचं काहीच वाटोळं झालं नाही. महिन्याभरात ऑफिसरची ऑर्डर आली. साहेबानं तुमचं नाव कधीच पाठवून दिलं होतं. तुमचं काम चोख होतं म्हणून, सॉससाठी नव्हे. म्हणजे ते वर्षभराचं विहिरीवरचं न्हाणं, तो लसूण, ते "येस, मॅडम", यांतल्या कशाचीच गरज नव्हती. तुम्ही पेढे आणलेत. आईनं देवापुढे ठेवले आणि तुम्हाला म्हणाली, "कंग्रॅच्युलेशन्स, सार."

तेव्हापासून ती तुम्हाला "सार"च म्हणायची. "सार, पान वाढलंय." "सार, धोबी आलाय." एकदाही आवाज न चढवता. आधी तुम्ही विनवलंत, एकदा तिच्यासमोर हात जोडलेत, तेही मी पाहिलं. तेव्हा माझ्या मनात आलं होतं, आता तुम्ही माफी मागाल. पण तुम्ही म्हणालात, "लोक ऐकतात, बरं दिसत नाही." आणि मग तुम्ही सरावलात. अप्पा, माझं भांडण याचंच आहे. एक "येस" माणसाच्या तोंडून भीतीनंही जातं, हे मलाही आता या वयात कळतं. पण बायको आपल्याला सार म्हणते आणि आपण वर्तमानपत्र न हलवता "हं, आलो" म्हणतो, हे कुठल्या भीतीनं होतं? माझ्या लग्नात व्याह्यांसमोर ती तुम्हाला सार म्हणाली आणि तुम्ही त्यांना हसून सांगितलंत, "आमच्याकडे ही गंमत आहे." गंमत! ती तापानं गेली तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगत होता की आमचा कधी शब्दानं शब्द वाढला नाही. मी चुलीपाशी उभी होते. तेव्हा बोलले नाही, कारण घरात माणसं होती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. तुम्ही त्यातलं व्याकरण तपासलं असतंत. फक्त एक गोष्ट सांगायची राहते आणि ती सांगताना मला तुमचा सगळ्यात जास्त राग येतो. आईचे शब्द मला सगळे आठवतात, पण आवाज आठवत नाही. किती आठवला तरी येत नाही. तुमचा येतो.