सापाचे पाय

प्रिय कायोको,

पर्सिमनची फळं सोलून झाली. यंदाही तुझ्या आईनेच सोलली, दोऱ्यात ओवून वाळायला वळचणीला टांगलीही. हात काही विसरलेले नाहीत. मला मात्र ती आता 'मास्तर' म्हणते. काल चहा दिला आणि म्हणाली, "मास्तर, संध्याकाळ झाली. घरी बायको वाट बघत असेल, निघा आता." लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, आणि मी खुळ्यासारखा बूट घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. दोन वर्षं हे असंच चाललंय. तुला मात्र मी 'आई बरी आहे' एवढंच लिहीत राहिलो.

परवा तिला कपाटात तुझी तिसरीतली निबंधाची वही सापडली. जुन्या चीनमधल्या चू राज्यातल्या त्या नोकरांची गोष्ट तुला तेव्हा तोंडपाठ होती. दारूचा पेला एकच, पिणारे अनेक. पैज लागली, जो आधी जमिनीवर सापाचं चित्र काढील त्याचा पेला. एकाचा साप सगळ्यांआधी झाला, पण गड्याला गप्प बसवेना. त्याने सापाला पाय काढले आणि पेला गमावला. आपले लोक पत्राच्या शेवटी 'सापाचे पाय जोडतो' म्हणत हळूच खरं काम सांगतात, त्यांची मी किती टर उडवायचो.

तुझ्या निबंधाची शेवटची ओळ होती, 'मला आई खूप आवडते.' मी ती लाल शाईने खोडली आणि बाजूला लिहिलं, 'सापाचे पाय'. तू रडलीस. आई म्हणाली, "अहो, असू द्या की एक ओळ." मी ऐकलं नाही. पुढे तुझी पत्रंही मोजकीच झाली. तब्येत बरी, काम बरं. शिकवलेलं तू नीट शिकलीस.

आता ती वही दिवसभर तिच्या मांडीवर असते. खोडलेल्या ओळीवर बोट फिरवत मला विचारते, "ही कुणाची हो पोर? किती गोड लिहिलंय. कुणा मेल्याने खोडलं?" मी म्हणतो, "होता एक मास्तर." ती म्हणते, "त्याला पोरंबाळं नसतील."

पत्र इथे संपायला हवं. पण कायोको, सापाचे पाय जोडतो. मला एकट्याला आता झेपत नाही. मंगळवारी तिला अंघोळ घालताना आम्ही दोघंही पडलो आणि बराच वेळ तसेच बसून राहिलो. तू ये. ती तुला बहुतेक ओळखणार नाही. तरी ये, आणि ती ओळ तिला तुझ्या तोंडाने वाचून दाखव.

तुझाच,
बाबा